बिजागरीची देवी

आमच्या दाराची बिजागरी गेली कित्येक वर्षं कुरकुरते आहे. सुताराला निरोप धाडून मी थकलो. तो दर वेळी "उद्या येतो" म्हणतो. कुठल्या शतकातला उद्या, ते मात्र सांगत नाही. अशा वेळी मला प्राचीन रोमन लोकांचा मनापासून हेवा वाटतो. त्यांच्याकडे बिजागरीची स्वतंत्र देवी होती. कार्डिया तिचं नाव. दाराच्या फळ्यांचा देव निराळा, फोर्क्युलस. उंबऱ्याचा आणखी निराळा, लिमेंटिनस. एका दाराला तीन देव! पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने याची यथेच्छ टर उडवली. माणसांच्या घराला एक दरवान पुरतो, मग इथे तिघे कशाला, असा त्याचा सवाल. ऑगस्टीनने आमची कचेरी पाहिली नव्हती. तिथे एका कागदाला पाच टेबलं लागतात आणि तरी कागद हलत नाही.

रोमन देवांचं खातेवाटप मोठं काटेकोर. गव्हावर तांबेरा पडू नये म्हणून रोबिगस. त्याचा सण 25 एप्रिलला. पाळण्याची देवी कुनिना. बाळ टाहो फोडतं, त्या टाहोचा देव वेगळा. शेणखतालाही देव होता. आणि शहराच्या मोठ्या गटाराची देवी क्लोआकिना. तिचं ठाणं कुठे गावाबाहेर नाही, भर चौकात, फोरममध्ये! आमच्या गल्लीतलं गटार पावसाळ्यात ज्या मनमोकळेपणाने रस्त्यावर येतं, ते पाहता या बाईंची एखादी मूर्ती आपणही बसवावी असं मला फार वाटतं. एवढं करूनही एखादा देव यादीतून सुटला तर? त्याची सोय होती. 'देव असशील वा देवी असशील, जो कोणी असशील त्याला' अशी मोघम प्रार्थना करायची. वकिलाने केलेल्या खरेदीखतासारखी.

कारण व्यवहार पक्का. नवस बोलायचा, देवाने काम केलं की फेडायचा. नवस फेडल्याचे शिलालेख इतके कोरले गेले, की पुढे पुढे पाथरवट सबंध वाक्य लिहीतच नसत, फक्त आद्याक्षरं. पण खरी कमाल केली राजा न्यूमाने. विजेची शांत कशी करावी, म्हणून त्याने साक्षात ज्युपिटरला खाली उतरवला. ओव्हिडने ही कथा सांगितली आहे. ज्युपिटर म्हणाला, डोकं काप. न्यूमा म्हणाला, कांद्याचं कापतो. देव म्हणाला, माणसाचं. हा म्हणाला, बरं, माणसाचे केस देतो. जीव हवा, देव गरजला. माशाचा देतो, हा म्हणाला. ज्युपिटर हसला आणि सौदा तुटला. मंडईत कोथिंबिरीवर मिरच्या फुकट मागणारी आमची सौ. या राजाला सहज ओळखेल.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं पाँपेई पाहून आलो. व्हेसुव्हियसने इ. स. 79 मध्ये राखेत गाडलेलं गाव. तिथे वेट्टींच्या घरात, स्वयंपाकघराशेजारी, भिंतीवर देवघर रंगवलेलं आहे. दोन्ही बाजूंना पेले उंचावून नाचणारे लारेस, म्हणजे घराचे राखणदार देव, मधे डोक्यावरून टोगा घेतलेला कुलपुरुष, खाली नैवेद्याकडे निघालेला भलामोठा नाग. गाइड भराभर पुढे गेला. सौ. तिथेच उभी राहिली आणि म्हणाली, "बाई गं, चुलीजवळच!" मी काही बोललो नाही.

कारण मला आमची वाटणी आठवत होती. वडील गेल्यावर आम्ही तिघा भावांनी गावचं घर विकायला काढलं. पितळी घंगाळावरून दोन दिवस वाद झाला. मग देवांचा विषय निघाला आणि तिघेही एकदम सज्जन झालो. थोरला म्हणाला, "माझ्याकडे नित्य पूजा व्हायची नाही." धाकटा परदेशी. मी म्हणालो, "माझा फ्लॅट लहान आहे." कुलदेवतेचे टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, सगळे मिळून एका बिस्किटाच्या डब्यात मावत होते. आईने ते धुवट पंच्यात गुंडाळून डब्यात ठेवले आणि कोणाला न विचारता माझ्याबरोबर निघाली.

ट्रॉय जळत असताना ईनियास म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन निघाला. घरचे देव त्याने बापाच्या हाती दिले. लढाईतून आलेला, आपले हात रक्ताने माखलेत, वाहत्या पाण्यात धुतल्याशिवाय देवांना शिवायचं नाही म्हणून. माझ्या हाताला वाटणीच्या कागदाची शाई होती. एस. टी.त कंडक्टर म्हणाला, "आजी, डबा वर ठेवा." आई म्हणाली, "देव आहेत त्यात." तो म्हणाला, "मग खिडकीशी बसवा." शंभर मैल देव वारा खात आले.

ते आमच्या फ्रिजशेजारी फळीवर बसले. आई रोज नैवेद्य दाखवायची आणि रात्री माझी वाट बघत बाहेरच्या खोलीत पडायची. एकदा मी बिजागरीत तेल घालायला निघालो तर म्हणाली, "राहू दे रे. वाजलं की कळतं, तू आलास ते. मग झोप लागते."

आईला जाऊन आता तीन वर्षं होतील. देवांपुढे दिवा सौ. लावते. काल सुताराचा आपणहून फोन आला, उद्या नक्की येतो म्हणाला.

मी म्हटलं, सवडीने या. घाई नाही.