वृत्तपत्राच्या घरचा कायदा

दुसऱ्याच्या घरांतील भांडण चव्हाट्यावर आणणें हा ज्यांचा धंदा, त्यांच्या स्वतःच्या घरांत नियम कोणते असावेत हा प्रश्न आपणां वाचकांना सहसा पडत नाहीं. सकाळीं चहाबरोबर वर्तमानपत्र उघडावें, एखाद्या कारखानदारानें मजुरांना कसें वागविलें तें वाचून हळहळावें, आणि ती बातमी लावणाऱ्या उपसंपादिकेला रात्रीं एक वाजतां घरीं कोण पोंचवितें हा विचार मनास शिवूंही नये, अशी आपली मध्यमवर्गीय रीत आहे.

माझी एक जुनी विद्यार्थिनी एका मराठी दैनिकांत काम करते. तिच्या कचेरीनें नुकतेच दोन विषयांवर नियम लिहावयास घेतले: एक एचआयव्हीची बाधा असलेल्या सहकाऱ्यांविषयीं, दुसरा स्त्रीपुरुषांस मिळावयाच्या वागणुकीविषयीं. मसुदा इंग्रजींतून उतरलेला असल्यामुळें मराठी कानाला तो दगडासारखा लागत होता. तो सुधारून घेण्यासाठीं ती एका रविवारीं आली, आणि आम्ही कागद घेऊन आरे कॉलनींतल्या रस्त्यानें चालत निघालों. माझें घर या कॉलनीच्या कडेलाच आहे. गोरेगांवाहून पवईकडे जाणारा हा रस्ता दिवसां सावलीचा व सुखाचा; अंधार पडल्यावर मात्र बिबट्याची आठवण ठेवूनच पाऊल टाकावें असा. २०१९ च्या ऑक्टोबरांत मेट्रोच्या कारशेडसाठीं येथें रातोरात झाडें तोडलीं गेलीं, तेव्हां ती बातमीसाठीं येथेंच होती.

"बातमी कचेरीची होती, सर," ती म्हणाली, "पण पहांटे घरीं जायची सोय माझी मलाच बघायची होती."

स्त्रियांविषयींचा भाग लिहिणें त्या मानानें सोपें गेलें, कारण अर्धें काम कायद्यानेंच करून ठेवलें आहे. २२ ऑगस्ट २०१३ रोजीं महालक्ष्मीच्या ओसाड शक्ति मिलमध्यें कामावर असलेल्या एका तरुण छायाचित्रकार स्त्रीवर अत्याचार झाला. त्या वेळचे जे अग्रलेख माझ्या वाचनांत आले, त्यांतले बहुतेक पोलिसांना उद्देशून होते. आपल्या माणसांना कामावर पाठवितांना आपण काय पाहतों, हें विचारणारे थोडेच. कामाच्या ठिकाणींच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदाही त्याच वर्षींचा. दहा किंवा अधिक माणसें असलेल्या प्रत्येक कचेरींत समिति हवी, तिची अध्यक्षा स्त्री हवी, निदान निम्म्या सभासद स्त्रिया हव्यात, आणि एक सभासद बाहेरचा हवा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानें व आस्थापना कायद्यानें रात्रपाळीसाठीं स्त्रीची संमति आणि घराच्या दारापर्यंत वाहन, दोन्ही आवश्यक ठरविलीं. आम्ही तीं वाक्यें सरळ मराठींत उतरविलीं आणि पुढें गेलों.

अडलें तें दुसऱ्या भागाशीं. तिचे संपादक सज्जन गृहस्थ. त्यांचें म्हणणें असें कीं, "नियम कशाला? कुणी येऊन सांगितलें तर आपण सांभाळून घेऊंच कीं!" या 'सांभाळून घेऊं' शब्दांत माया खरीच आहे, पण तिची किंमत अगोदर मोजावी लागते. दया मिळावी म्हणून माणसाला आपली कहाणी उघडी करावी लागते. नियमानें जें मिळतें, त्याला कहाणी लागत नाहीं. आणि वृत्तपत्राच्या कचेरींत कहाणी उघडी करणें म्हणजे काय, हें मी वेगळें सांगावयास नको. जेथें प्रत्येक टेबलामागें दुसऱ्याचें गुपित काढण्यांत मुरलेला माणूस बसलेला असतो, तेथें स्वतःचें गुपित किती दिवस टिकेल?

गुपित फुटलें म्हणजे काय होतें, याचा इतिहास आपल्याच बाजूला घडला आहे. १९८९ सालीं गोव्याच्या डॉमिनिक डिसोझा या तरुणानें रक्तदान केलें. रक्तांत एचआयव्ही सांपडला, आणि गुन्हेगाराप्रमाणें पकडून त्याला एका जुन्या आरोग्यधामांत दोन महिन्यांहून अधिक काळ एकटें ठेवण्यांत आलें. त्याच्या आईनें मुंबई उच्च न्यायालयांत दाद मागितली. पण अशा विलगीकरणाचा कायदा न्यायालयानें उचलून धरला. डॉमिनिक १९९२ सालीं वारला. पुढें १९९७ सालीं त्याच उच्च न्यायालयासमोर एक रोजंदारी कामगार आला. बाधा आढळली म्हणून एका सरकारी महामंडळानें त्याला कामावरून दूर केलें होतें. काम करण्यास जो समर्थ आहे आणि ज्याच्यापासून इतरांस धोका नाहीं, त्याला केवळ बाधेमुळें काम नाकारतां येणार नाहीं, असें या वेळीं न्यायालयानें ठरविलें. शिवाय त्याचें खरें नांव कागदांवर येऊं दिलें नाहीं; निकालांत तो 'एमएक्स' म्हणूनच राहिला. १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलांत आलेल्या कायद्यानें नांव झांकण्याची ही सवलत सर्वांना दिली, नोकरीसाठीं चांचणीची अट घालण्यास मनाई केली, आणि शंभरांहून कमी माणसें नसलेल्या कचेरीस तक्रार-अधिकारी नेमावयास लावलें.

हे दोन विषय एकाच मसुद्यांत कां, असें मीं तिला विचारलें. आफ्रिका खंडाच्या दक्षिणेकडील देशांतल्या वृत्तपत्रांनीं या शतकाच्या आरंभीं ही जोडी बांधली होती, हें मला ठाऊक होतें. तिनें दिलेलें उत्तर अधिक जवळचें होतें. "नवऱ्याकडून बाधा झालेली बाई सुटी मागायला आली, सर, तर तिला दोन्ही गोष्टी सांगाव्या लागतात. आजारही, आणि घरही."

औषध सरकारी केंद्रांत फुकट मिळतें. २००४ पासून ती सोय आहे. रोज नेमानें तें घेणारा माणूस वर्षानुवर्षें आपल्या शेजारीं बसून काम करतो, आणि त्याच्या पेल्यांतून पाणी प्यायल्यानें कोणाला कांहीं होत नाहीं. पण केंद्रावर ठरल्या दिवशीं जावें लागतें, आणि रजेच्या अर्जावर 'कारण' नांवाचा एक रकाना असतो! आमचा सर्वांत जास्त वेळ त्या रकान्यानें खाल्ला. अखेर तेथें 'वैद्यकीय' एवढाच शब्द पुरेसा मानावा, त्यापुढें कोणीं विचारूं नये, असें कलम झालें. 'एचआयव्हीग्रस्त' शब्द मीं खोडला. त्या जागीं तिनें 'एचआयव्हीसह जगणारी व्यक्ति' असें लिहिलें. लांब आहे खरें, पण मराठी आहे.

राहिला तक्रार-अधिकारी. मुख्य बातमीदाराचें नांव निघालें, तेव्हां आम्ही दोघेंही हंसलों. शेवटीं तिनें संदर्भ-विभागांतल्या बाईंचें नांव सुचविलें. वीस वर्षें जुन्या कात्रणांत बसूनही त्या बाईंनीं कोणाविषयीं एक अक्षर बाहेर काढलेलें तिला आठवत नव्हतें.