वॉर्सा : चित्रांवरून पुन्हा बांधलेले शहर

१ ऑगस्ट १९४४ रोजी वॉर्सात पोलिश गृहसेनेने जर्मन सत्तेविरुद्ध उठाव केला. तो ६३ दिवस चालला. शरणागतीनंतर नागरिकांना हुसकावून जर्मन पथकांनी उरलेल्या इमारती पद्धतशीरपणे जाळल्या, सुरुंग लावून उडवल्या. लढाईत पडलेले शहर वेगळे आणि लढाई संपल्यावर ठरवून पाडलेले वेगळे. ते जसेच्या तसे उभारण्याचा पोलिश हट्ट या फरकातूनच आला असावा, असे मला वाटते.

या हट्टाला आधार होता तो कागदांचा. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी युद्धापूर्वी जुन्या घरांची मोजमापे घेऊन काढलेले आराखडे लपवून ठेवल्यामुळे वाचले होते. शिवाय अठराव्या शतकातील दरबारी चित्रकार बेलोत्तो याची नगरदृश्ये होती. मात्र या गृहस्थाने क्वचित इमारतींना आपल्या मनाने सजवले होते!

आम्ही सहकुटुंब गेलो तेव्हा बाजारचौकातील एका घरावर १९५३ हे साल पाहून मुलीने आजोबांना विचारले, "आबा, म्हणजे हे सगळं खोटं आहे?" आबांची हयात बांधकाम खात्यात गेली. ते म्हणाले, "तळघरं जुनी आहेत, काही भिंतींचे तुकडेही. बाकी मोठी डागडुजी समज." युनेस्कोने १९८० मध्ये या भागाला जागतिक वारसा मानले, तेही पुनर्बांधणीचे असाधारण उदाहरण म्हणूनच.

तरी ही डागडुजी निवडक होती. एकोणिसाव्या शतकात मागे वाढलेली दाटीची बांधकामे पुन्हा उभारली नाहीत. दर्शनी भाग जुन्या धाटणीचा, आत मात्र नव्या सोयींची घरे. भिंतींवरील बरीचशी नक्षीही १९५० च्या दशकातील कलावंतांची आहे.

तिथून मुरानुफ चालत जाण्याजोगे अंतर. ज्यूंची दाट वस्ती असलेला हा भाग १९४० मध्ये कोंडवाड्यात घेतला गेला. १९४२ च्या उन्हाळ्यात तिथून लाखो माणसे त्रेब्लिंकाला मारण्यासाठी नेली आणि १९४३ च्या उठावानंतर वस्ती भुईसपाट केली. ती मात्र जशी होती तशी कोणी बांधली नाही. वास्तुविशारद बोहदान लाखेर्त याने तिथे कामगारांची वसाहत योजली. ढिगारा हलवणे अशक्यप्राय होते, म्हणून घरे ढिगाऱ्यावरच चढवली आणि त्याच राडारोड्याचा चुरा काँक्रीटमध्ये वापरला. आजही तिथल्या कित्येक इमारती रस्त्याहून उंच टेकाडांवर उभ्या आहेत. त्यांच्या दारापर्यंत पायऱ्या चढून जावे लागते.