पालाखालची पंचवटी

काळाराम, सीतागुंफा आणि रामकुंड पाहिले की बहुतेकांची पंचवटी संपते. आमचे लक्ष मात्र गेले दुकानांवर ताणलेल्या कापडाकडे! गोदाकाठी हल्ली बहुतेक विक्रेत्यांच्या माथ्यावर प्लॅस्टिकच दिसते. त्यात एखादे मातकट, जुने कॅनव्हासचे पाल आढळले, की त्याखालची सावलीही निराळी वाटते.

कॅनव्हास आपल्याला परका नाही. मुलांचे शाळेचे बूट, आजोबांची आरामखुर्ची, प्रवासातला तो अगडबंब होल्डॉल हा सारा त्याचाच गोतावळा. नावाचे मूळ मात्र भांगेच्या झाडात आहे, कारण पूर्वी हे कापड त्याच्याच वाखाचे विणत. (तीर्थक्षेत्री हे सांगावे की नाही, कोण जाणे!) आता ते सुताचे असते. वीण साधीच, एक धागा वर, एक खाली. पण धागे जाड, पिळदार आणि एकमेकांना अगदी खेटून बसवलेले. भिजले की सूत फुगते आणि उरलीसुरली छिद्रेही बुजतात. म्हणूनच जाणती माणसे नवा तंबू आधी एकदा भिजवून वाळवतात. शिवणीतली सुईची भोकेसुद्धा त्याने आवळतात. भर पावसात मात्र कापडाला आतून बोट लावू नये, तिथूनच ठिबकू लागते.

नाशकात हा गुण मोलाचा. प्रयागचा कुंभ माघात, हरिद्वारचा चैत्रात. इथला सिंहस्थ ऐन श्रावण-भाद्रपदात! २०१५ साली तपोवनात साधुग्राम वसले, तेव्हाच्या पर्वण्याही ऑगस्ट-सप्टेंबरातच होत्या.

पण ओली घडी हा या कापडाचा वैरी. बुरशी धरते, काळे ठिपके पडतात, सूत कुजते. आणि गंगापूर धरणातून पाणी सुटल्यावर घाटावरच्या दुकानदाराला पाल वाळवायला फुरसत कुठली? दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी चढले, यावर नाशिककर पुराचे माप सांगतात. ते चढण्याआधी मेखा उपटायच्या, तणावे सोडायचे आणि ते ओलेचिंब ओझे पाठीवर टाकून वर पळायचे. पूर रेंगाळला, की घडीतच पाल जायचे. प्लॅस्टिक हलके, स्वस्त, झटकले की कोरडे. दुपारी त्याखाली भट्टी पेटते हे खरे. तरी ते घेणाऱ्याला आम्ही नावे ठेवणार नाही.

तुमच्या माळ्यावरून दिवाळीच्या साफसफाईत होल्डॉल निघाला, तर लगेच गुंडाळू नका. कोरड्या ब्रशाने झाडा आणि दोन्ही अंगांनी कडकडीत ऊन द्या.