जुनी गाडी आणि केसेलबेर्गचा घाट

जुनी वस्तु घरांत येऊं देण्यास आमच्या आजीचा नेहमींच विरोध असे. “दुसऱ्याच्या हातची वस्तु त्याच्या खोडी घेऊन येते,” असें ती म्हणे. गेल्या सप्टेंबरांत म्युनिक येथें पुतण्याकडे राहावयास गेलों असतां या वाक्याची आम्हांला वारंवार आठवण झाली. कारण आमच्या या पुतण्यानें दुसऱ्याच्या हातची मोटरसायकल घ्यावयाचें ठरविलें होतें, आणि तीहि साधीसुधी नव्हे! लांबच्या प्रवासाची, अडीचशे किलोंहून अधिक वजनाची, आणि जिचें सस्पेन्शन विजेच्या बटणावर बदलतें अशी.

आम्ही तेथें पोंचलों त्याच दिवशीं पुण्याहून वहिनींचा फोन आला. “भावोजी, तो गाडी घेणारच, नको म्हणून कांहीं उपयोग नाहीं. पण सूनबाई मागें बसणार आहे. तेव्हां तुम्ही आधीं मागें बसून पाहा आणि मग मला सांगा.” वहिनींचा शब्द आम्हीं आजवर मोडलेला नाहीं. साठी उलटल्यावर मोटरसायकलवर मागें बसण्याचा योग आम्हांला आला तो असा.

या यंत्रांतील मुख्य गोष्ट वाचकांस थोडक्यांत सांगितली पाहिजे. चाक खड्ड्यांत गेलें म्हणजे स्प्रिंग दबते व पुन्हां उसळते. ती उसळी आवरण्याचें काम आंतल्या नळींतील तेल करतें. त्याला अरुंद छिद्रांतून जावें लागतें आणि त्यांत उसळीचा जोर जिरतो. आमचे गॅरेजवाले या जोडगोळीस ‘शॉकअप’ म्हणतात. बसणारीं माणसें एकाचीं दोन झालीं, बरोबर सामान आलें, म्हणजे स्प्रिंग आधींच अधिक दाबून ठेवावी लागते. नाहीं तर गाडीचें मागचें अंग बसतें, पुढचें चाक हलकें होतें आणि वळणावर गाडी म्हणावी तशी वळत नाहीं. हें काम पूर्वीं हातानें करावें लागे, आणि म्हणूनच पुष्कळ लोक तें करीत नसत. बी. एम. डब्ल्यू. कंपनीनें २००४ सालीं के १२०० एस या गाडीवर तें विजेच्या मोटरीकडे सोंपविलें. बटण दाबलें कीं समोर चित्र उमटतें: एक हेल्मेट, एक हेल्मेट आणि सामान, किंवा दोन हेल्मेटें. तेलाच्या वाटेचेहि तीन प्रकार आहेत. आरामाचा, साधा आणि जोरकस. हा दुसरा बदल चालत्या गाडींत करतां येतो. स्प्रिंगचा मात्र गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवूनच करावा लागतो. पुढें २०१३ च्या सुमारास चाकाची हालचाल क्षणोक्षणीं मोजून तेलाची वाट आपोआप बदलणाऱ्या गाड्याहि निघाल्या. परंतु त्या पुतण्याच्या खिशाबाहेरच्या होत्या.

पहिली गाडी आम्हीं पाहिली ती शहराबाहेरच्या एका दुकानांत, दुसऱ्याच एका कारखान्याची. ती इतकी लखलखीत होती कीं आम्ही भुललों. पुतण्यानें इंजिन सुरू करून बटण दाबलें. एका हेल्मेटाचीं दोन हेल्मेटें झालीं. परंतु गाडीचें मागचें अंग रेसभरहि वर उचललें गेलें नाहीं. पुन्हां दाबलें, चित्र बदललें, गाडी जागच्या जागीं! विक्रेता म्हणाला, “पडद्यावर दिसतें आहे ना? मग झालें.” पुतण्यानें नम्रपणें आभार मानले व आम्ही बाहेर पडलों. वाटेंत त्यानें समजावून सांगितलें, “काका, या प्रकारांत मोटर, स्प्रिंग आणि तेलाची नळी हीं एकांत एक गुंतलेलीं असतात. एक बिघडलें तरी बहुधा सबंध शॉकअपच बदलावा लागतो, आणि त्यांत जुन्या गाडीच्या किंमतीचा मोठा हिस्सा जातो.” चित्र आणि वस्तु यांत अंतर असूं शकतें, हा धडा आम्हीं तेथें घेतला.

दुसऱ्या गाडीचा पत्ता लागला तो कोखेल या गांवीं. ही २०१० सालची बी. एम. डब्ल्यू. आर १२०० आर टी होती. कोखेलजवळच केसेलबेर्गचा घाट आहे. अपघातांमुळें शनिवार, रविवार व सणाच्या दिवशीं या घाटाची चढणीची बाजू मोटरसायकलींना बंद असते. म्हणून पुतण्यानें गुरुवारची रजा काढली, आणि दोघांचीं दोन हेल्मेटें मांडीवर घेऊन आम्ही सकाळच्या आगगाडींत बसलों. टुट्झिंग मागें पडल्यावर सपाटी संपत जाते व समोर आल्प्सची भिंत उभी राहते. शेवटून दुसरें मोठें स्थानक बेनेडिक्टबॉयर्नचें. तेथल्या जुन्या मठांतील कांचकारखान्यांत फ्राउनहोफर यानें काम केलें. सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यांतील ज्या काळ्या रेषा त्याच्या नांवानें ओळखल्या जातात, त्यांचा अभ्यास त्यानें १८१४ च्या सुमारास केला. जें डोळ्यांना अखंड दिसतें त्यांतील खंड शोधणाऱ्या त्या पुरुषास आम्हीं मनोमन नमस्कार केला. आमचेंहि त्या दिवशींचें काम त्याच जातीचें होतें.

गाडीचे मालक सत्तरीचे गृहस्थ होते. त्यांनीं इंजिन मुद्दाम थंड ठेविलें होतें, कारण सुरू होतांना लपणारा दोष गरम इंजिन झांकतें. दर वेळच्या दुरुस्तीचे कागद तारीखवार लावलेले होते. दोन वर्षांनीं होणाऱ्या तपासणीचा शिक्का नंबरपाटीवर होता, आणि नोंदणीच्या कागदावर मालक म्हणून दुसऱ्या कोणाचेंहि नांव नव्हतें. पुतण्यानें गुडघे टेकून शॉकअपच्या दांड्यावरून बोट फिरविलें. बोट कोरडें निघालें. नंतर त्यानें बटण दाबलें. आंत मोटरीचा बारीक आवाज झाला आणि गाडीचें मागचें अंग, बसलेली म्हैस उठावी तसें, सावकाश वर आलें. आम्ही दोघेहि कांहीं बोललों नाहीं. पण पुतण्याच्या तोंडावर हंसूं उमटलेलें आम्हीं पाहिलें.

पासपोर्ट ओलीस ठेवून आम्ही निघालों. आरंभीं पुतण्यानें मुद्दाम एका हेल्मेटाच्याच चित्रावर गाडी सरोवराच्या कांठानें नेली. आमचें वजन थोडें नाहीं. प्रत्येक उंचवट्यावर मागचें अंग धप्पकन् बसे आणि आमच्या कण्याला त्याची बातमी पोंचे. मग गाडी थांबवून त्यानें आम्हांला उतरविलें. मालकांनीं निघतांना बजावलें होतें, “ओझें चढवून मग मोटरीला उचलावयास लावूं नका. आधीं स्प्रिंग, मग माणूस.” दोन हेल्मेटें उमटलीं, आणि आम्ही पुन्हां बसलों.

आतां घाट लागला. कोखेलचें सरोवर सुमारें ६०० मीटर उंचीवर, आणि खिंड ८५८ मीटरवर. येथला जुना रस्ता १४९२ सालचा. हल्लींची वळणें गेल्या शतकाच्या आधींच्या शतकाअखेरचीं. एकामागून एक वळणें येऊं लागलीं. गाडी कलंडे, सरळ होई, दुसऱ्या कुशीवर कलंडे. परंतु मघांचें तें धपकणें नाहींसें झालें होतें. आरामाच्या प्रकारावर ती किंचित् झुले. पुतण्यानें चालतां चालतांच साधा प्रकार लावला, तेव्हां तोहि झोका आटोपला. पहिल्या चार वळणांना आम्हीं रामरक्षेचा आश्रय घेतला हें कबूल केलें पाहिजे. पांचव्यास तिचा विसर पडला.

खिंडीपलीकडे वाल्खन सरोवर आहे, निळसर आणि निश्चल. याचें पाणी नळांतून सुमारें २०० मीटर खालीं कोखेलच्या बाजूस सोडून १९२४ पासून वीज काढतात. पुणेकरांस येथें खोपोलीची आठवण व्हावी. तेथें तर घाटमाथ्यावरच्या पाण्याची वीज १९१५ पासूनची आहे. याच वाटेनें १७८६ च्या सप्टेंबरांत कवि गटे इटलीस गेला. सरोवराच्या परिसरांत हार्प वाजविणारा एक फिरस्ता पुढें चालत होता. त्याच्या विनंतीवरून गट्यानें त्याच्या अकरा वर्षांच्या मुलीस आपल्या गाडींत घेतलें. त्या गाडीच्या स्प्रिंगा कशा होत्या कोण जाणे. पण मालकानें दुसऱ्याला जागा केली, हें खरें.

परत आल्यावर आम्हीं मालकांस विचारलें, “इतकी चांगली गाडी विकतां कां?” ते म्हणाले, “बायकोच्या गुडघ्यांना आतां मागें बसणें सोसत नाहीं. एकट्यानें जाण्यांत मला गोडी वाटत नाहीं.” मग त्यांनीं आपण होऊन सांगितलें कीं, मागचा शॉकअप मूळचाच आहे, आज ठीक आहे, पण केव्हां तरी त्याचा खर्च येईल, तो धरूनच किंमत कमी ठेविली आहे. खासगी विक्रींत ‘पाहिली तशी घेतली’ असें बहुधा लिहून घेतात. पुतण्यानें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं मान हालविली, आणि त्यानें सही केली.

रात्रीं वहिनींना सर्व हकीकत सांगितली. आजीच्या म्हणण्यांत आम्ही एवढीच भर घालतों कीं, दुसऱ्याच्या हातची वस्तु त्याच्या खोडींबरोबर त्याची निगाहि घेऊन येते. कोणती आली आहे हें मात्र चित्र पाहून कळत नाहीं, ओझें घालूनच कळतें. वहिनी सारें शांतपणें ऐकत होत्या. शेवटीं त्यांनीं एकच विचारलें, “बसण्याआधीं बटण दाबण्याची आठवण त्याला राहील ना?”

“तो विसरला तर सूनबाई आठवण देईल,” आम्ही म्हणालों.

“मग हरकत नाहीं,” वहिनी म्हणाल्या.