रस्त्याचा हक्क

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. फजरची अजान झाली आणि अब्बा नेहमीप्रमाणे काठी घेऊन घराबाहेर पडले. आमच्या पडेगावच्या गल्लीत केबलसाठी आदल्या दिवशी चर खोदला होता. दोन बांबू रोवून त्यांना प्लॅस्टिकची लाल-पांढरी पट्टी बांधली होती, ती रात्रीतून तुटून मातीत पडली. दिवा नव्हता. मातीचा ढीग चालण्याच्या जागेवरच टाकलेला. अब्बा ढिगाला वळसा घालायला गेले आणि थेट चरात पडले. मशिदीकडे निघालेल्या दोन तरुणांनी त्यांना वर काढले. खुब्याचे हाड मोडले होते. बहात्तराव्या वर्षी ऑपरेशन, आणि मग कितीतरी दिवस अंथरूण.

दवाखान्यात मी त्या ठेकेदाराला वाटेल ते बोललो. तक्रार करतो, सोडत नाही, असे चालले होते. अब्बांनी सगळे ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी मात्र शांतपणे विचारले, “बेटा, तुमच्या साइटवर रात्री काय लावता?”

मला उत्तर देता आले नाही. मी एका ठेकेदाराकडे पाइपलाइनच्या कामावर सुपरवायझर आहे. आम्हीही तीच पट्टी बांधत होतो. त्याच वर्षी एका वस्तीत जोडाचे सामान आले नाही म्हणून मी तीन रात्री चर उघडा ठेवला होता. कुणी पडल्याचे कानावर आले नाही. पण मी तरी विचारायला कुठे गेलो होतो?

काय करायला हवे हे ठाऊक नव्हते, असेही नाही. इंडियन रोड्स काँग्रेसची या विषयावर वेगळी मार्गदर्शिकाच आहे, आयआरसी एसपी 55. ती 2001 साली आली आणि 2014 साली सुधारली गेली. तिच्यात कामाच्या जागेचे चार भाग सांगितले आहेत. आधी वाहनचालकाला सावध करायचे, मग वाहने हळूहळू बाजूला घ्यायची, मग प्रत्यक्ष कामाचा भाग, आणि शेवटी वाहने पुन्हा मूळ मार्गावर आणायची. छावणीकडून दौलताबाद-वेरूळकडे जाणाऱ्या आमच्या मोठ्या रस्त्यावर याचा अर्थ सरळ आहे. खड्डा जवळ आल्यावर फलक दिसून ट्रकवाल्याला काय उपयोग? वाहनांचा वेग जितका जास्त, तितका फलक आधी हवा.

आणि पायी चालणारा? त्याची वाट खोदली म्हणून त्याला गाड्यांमध्ये ढकलायचे नसते. मध्ये अडथळे उभे करून त्याला वेगळी वाट द्यायची. कुणाच्या दारासमोर चर आला तर दोन्ही बाजूंना कठडा असलेली भक्कम फळी टाकायची. अडथळा पक्का हवा आणि त्याची खालची दांडी जमिनीजवळ हवी, म्हणजे अंध माणसाची काठी तिला लागते. पट्टी काठीला लागत नाही, आणि लहान मूल तिच्याखालून सहज निघून जाते. रात्री चमकणारे फलक आणि दिवा हवाच. यातले बरेच सामान आमच्या गोदामात पडून होते. टेम्पोत चढवायचा कंटाळा होता, एवढेच.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी वाटेतली त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा सांगितली, हे आपण लहानपणापासून ऐकतो. काटा उचलायला आपण वाकतो. पण स्वतः खोदलेल्या चराचे काय? हनफी फिकहच्या जुन्या ग्रंथांत हा प्रश्न आला आहे. आम रस्त्यावर विनापरवानगी विहीर खोदली आणि तीत पडून कुणी दगावला, तर दियतची जबाबदारी खोदणाऱ्याच्या बाजूवर येते. हे वाचून मी आधी सुटकेचा श्वास सोडला, कारण आमच्याकडे परवानगी होती. मग लक्षात आले, परवानगी खोदायची होती. रात्रभर उघडे ठेवायची नव्हती.

आपले न्यायालयही हेच सांगत आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला की, रस्त्यावरचा खड्डा किंवा उघडे मॅनहोल यामुळे कुणाचा जीव गेला तर वारसांना 6 लाख रुपये आणि जखमीला 50 हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यावी. म्हणजे “बघून चालायला काय झाले होते?” एवढे म्हणून हात झटकता येणार नाहीत.

खोदकाम नको, असे माझे म्हणणे नाही. कित्येक दिवसांआड पाणी येणारे आपले शहर आहे. जायकवाडीहून पाणी आणणाऱ्या नव्या योजनेचे भूमिपूजन 12 डिसेंबर 2020 रोजी झाले. घरोघरी पाणी पोहोचायचे तर रस्ते खोदावेच लागतील. पण ज्या म्हाताऱ्या माणसाला पाणी द्यायचे, त्यालाच चरात पाडायचे का?

आता मी दिवसभरात जेवढा चर बुजवता येईल तेवढाच खोदायला लावतो. उरलाच तर अडथळे आणि दिवे लावून झाल्यावर हातात काठी घेतो, टॉर्च बंद करतो आणि बाजूच्या वाटेने एकदा चालून बघतो. अब्बा इथून नीट जातील का, एवढेच पाहायचे असते.

आपल्या गल्लीत चर उघडा दिसला तर महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयात कळवा, मशिदीत सांगा, आणि मगरिबनंतर घरातला एखादा दिवा तरी तिथे ठेवा. आणि आपल्या घरातले कुणी या कामावर जात असेल, तर तो रात्री जेवायला बसला की अब्बांनी मला विचारला तो प्रश्न त्याला जरूर विचारा.