बॅटरी चांगली होती

त्या शेतकऱ्याला मी ऐन रोवणीत नवी बॅटरी घ्यायला लावली. त्याची जुनी बॅटरी चांगली होती. बिघाड होता तो दीड महिन्यापूर्वी मीच केबलच्या टोकाला ठोकून बसवलेल्या थिंबलमध्ये, आणि हे मला चार दिवस उशिरा कळलं.

गोंदियाजवळच्या गोरेगावात माझं वायरिंगचं छोटं दुकान आहे. ट्रॅक्टर, पिकअप, घरचे इन्व्हर्टर, सगळं येतं. पण आमच्या धानाच्या पट्ट्यात जुलै हा ट्रॅक्टरचा महिना. पाऊस लागला की जिकडेतिकडे चिखलणी सुरू होते. पऱ्हे वीस-पंचवीस दिवसांचे झालेले असतात, रोवणीच्या बाया आधीच ठरलेल्या असतात, आणि आजचा दिवस हुकला तर उद्या त्या दुसऱ्याच्या बांधीत उतरतात. अशात ट्रॅक्टर बसला तर त्या घराची सगळी रोवणी अडते.

हिरडामाली स्टेशनच्या बाजूचा हा शेतकरी. सेल्फ उचलत नाही म्हणून आला. मी सेल्फच्या बोल्टवर मीटर लावला आणि चावी मारायला सांगितली. आकडा 8.8 व्होल्टवर आला. ‘बॅटरी गेली, काका,’ मी लगेच सांगून टाकलं. त्यांनी विश्वासाने साडेसहा हजार मोजले. तोच मीटर मी बॅटरीच्या दोन टर्मिनलवर ठेवला असता तर तिथे तेव्हाही साडेदहाच्या वर आकडा दिसला असता. मग वाटेत व्होल्ट कुठे जातात, हे शोधावं लागलं असतं. पण बाहेर तीन ट्रॅक्टर उभे होते, आणि मला घाई होती.

चौथ्या दिवशी फोन आला. ‘अरे बाबू, नवी बॅटरी टाकली, मंग काहून नाही उचलत सेल्फ?’

पँट दुमडून बांधीत उतरलो. काकांनी दोन-तीनदा सेल्फ मारला, आणि सहज पॉझिटिव्हच्या थिंबलला माझा हात लागला. चटका बसला. जोडावरची स्लीव्ह मागे सरकवली, मीटरची एक सुई केबलच्या उघड्या तांब्यावर टेकवली, दुसरी थिंबलच्या चकतीवर, आणि पुन्हा चावी मारायला लावली. 1.6 व्होल्ट. बोटभर अंतर, तिथे शून्याच्या आसपास आकडा यायला हवा होता. सेल्फ साधारण 200 अँपिअर ओढत असेल तर त्या एका जोडात 320 वॉट जळत होते. माझ्या 25 वॉटच्या डझनभर सोल्डरिंग आयर्न एकाच वेळी लावल्यासारखं. जुन्या बॅटरीसोबत हेच चाललं होतं. नवी बॅटरी ताजी, जोरदार, म्हणून तिने चार दिवस रेटलं, तेवढंच.

ते थिंबल मी छन्नी-हातोड्याने दाबलं होतं. वरून खोल खड्डा पडलेला, ओढून पाहिलं तेव्हा सुटलंही नव्हतं. दुकानात आणून करवतीने आडवं कापलं, कानशीने घासलं आणि उजेडात धरलं. खड्ड्याखालच्या तारा चपट्या झालेल्या, काही तुटलेल्या, आणि दोन्ही बाजूंना काळ्या फटी. त्या फटींतून ओल शिरून तांबं हिरवट पडलेलं. एकूण तारांपैकी अर्ध्याच काम करत असाव्यात.

त्याआधी मी चूक वेगळ्या दिशेने केली होती. दोन वर्षं थिंबलमध्ये कथील ओतायचो. दिसायला सुरेख, भरीव. पण कथील तारांमधून वर चढतं आणि जिथे थांबतं तिथे केबल काठीसारखी कडक होते. डिझेल इंजिनाच्या थरथरीने तारा नेमक्या त्या काठावर एकेक करून तुटतात. शिवाय ते सोल्डर 183 अंशांच्या आसपास वितळतं, आणि खराब जोड तापायला लागला की कुठवर तापेल याचा नेम नाही. ते सोडलं ते चांगलं केलं. पण सोडून छन्नी धरली.

मग गोंदियाहून हायड्रॉलिक क्रिम्पर आणला. पेटीत 4 ते 70 स्क्वेअर एमएमच्या डाय. आता सुटलो असं वाटलं. 50 ची केबल, 50 चं थिंबल, 50 ची डाय, आणखी काय बघायचं? एवढं सगळं होऊनही तेव्हा मी पहिला जोड कापून पाहिला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. बाजारातली थिंबलं एकाच आकड्याची असली तरी नळीची जाडी सारखी नसते. पातळ नळीचं थिंबल त्या डायमध्ये सैल राहिलं, जाड नळीच्याला दोन्ही बाजूंनी पातळ पंख फुटले. एका पिकअपचा जोड असाच सैल निघाला. नशिबाने तो दुकानातच उघडकीला आला.

आता नवं थिंबल आलं की त्यातलं एक फुकट घालवतो. दाबायचं, कापायचं, घासायचं, बघायचं. नीट दाबलेल्या जोडात गोल तारा एकमेकींना चेपून मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षटकोनी होतात आणि फट दिसत नाही. नळी आणि तारा कुठे भेटतात तेही नखाने शोधावं लागतं. पातळ नळी असेल तर एक नंबर लहान डाय लावून पुन्हा कापून पाहतो. केबलही चाकूने खरवडतो, कारण तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार बाहेरून तशीच लाल दिसते. जोड झाल्यावर आतून गोंद असलेली स्लीव्ह तापवून चढवतो. आमच्या चिखलात साधी स्लीव्ह पाणी अडवत नाही.

रोवणी आटोपल्यावर काकांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. कापलेलं थिंबल हातात दिलं. त्यांनी ते बराच वेळ उलटसुलट करून पाहिलं. जुनी बॅटरी तोवर मोडीत गेली होती, परत आणता येत नव्हती. मी पैसे पुढे केले. त्यांनी निम्मे घेतले, नवी बॅटरी वापरतोच आहे म्हणाले. उरलेले मी दिवाळीत काकूंच्या हातात ठेवले.

काका आजही माझ्याकडेच येतात. मृगाच्या आधी ट्रॅक्टर दुकानासमोर उभा करतात, मुलाला सेल्फ मारायला लावतात आणि बॉनेट उघडून स्वतः दोन्ही थिंबलांना हात लावून पाहतात. थंड लागलं तरच निघतात.