मोहाच्या दिवसांत

होळीच्या आसपास आमच्या झरी गावाची पहाट मोहाच्या वासाने जड होते. दुरून गोड, जवळून उग्र, ओलसर, किंचित आंबूस असा तो वास; एकदा नाकात शिरला की दुपारपर्यंत निघत नाही. फुलं गळतात ती रात्रीच्या शेवटच्या प्रहरी, म्हणून झुंजुमुंजू व्हायच्या आधीच बाया टोपल्या घेऊन झाडाखाली वाकलेल्या असतात, आणि त्यांचं दबकं बोलणं, पाचोळ्यावरून फिरणारे हात, मध्येच टपकन पडणारं एखादं फूल, असं सगळं अर्धवट झोपेत कानावर येत राहतं. माझं लहानपण या वासात गेलं. तो आईच्या लुगड्याला असायचा, तिच्या हातांना असायचा, आणि कितीतरी वर्षं मला आईचा वास आणि मोहाचा वास असे दोन वास असतात हेच ठाऊक नव्हतं.

मग एका वर्षी त्याच वासाने तिला ओकाऱ्या येऊ लागल्या.

स्तनात गाठ निघाली होती. परळला टाटा रुग्णालयात तपासण्या झाल्या, आणि मग केमो, दर २१ दिवसांनी. त्यातलं लाल औषध शिरेत चढू लागलं की ती डोळे मिटून घ्यायची. भराभर वाढणाऱ्या पेशींना ते औषध गाठतं. गाठीच्या पेशी तशा असतातच. पण केसांच्या मुळांशी असणाऱ्या, तोंडाच्या आतल्या, जिभेवरच्या आणि नाकातल्या पेशीही तशाच. केस जाणार हे मनाशी धरलं होतं. वासाचं मनातच आलं नव्हतं.

डहाणूपर्यंत लोकल आली २०१३ साली. त्याआधी शटलच्या भरवशावर आजारी माणसाला घेऊन लोक परळ कसं गाठत असतील, हे वैतरणेचा पूल आला की हटकून मनात यायचं. त्या पुलावरचा खारा वारा तेवढा तिला सोसायचा. खिडकीच्या गजांशी तोंड नेऊन ती तो वारा घेत राहायची, आणि मी तिच्या डोक्यावरचा पदर धरून बसायचे. दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत उतरायचं. तिथे मुलुखामुलुखांतली आजारी माणसं आणि त्यांच्याबरोबरची आमच्यासारखी माणसं. भाषा वेगळ्या, पिशवीतल्या फायली सारख्या. एका अनोळखी बाईने तिथे मला सांगितलं, गरम काही देऊ नकोस, सगळं गार करून दे, गार अन्नाला वास कमी. त्या एका वाक्यावर आम्ही पुढचे महिने काढले. नागलीची पेज निवायला ठेवायची, पार गार झाली की वाटीने द्यायची. दोन घोट पोटात राहिले तरी घराला हायसं वाटायचं.

त्या दिवसांत आम्ही तिच्यासाठी घरात फार थोडं आणलं. घरातलंच एकेक बाहेर काढत गेलो. लसणाची फोडणी गेली. सुकट गेली, बोंबील गेले. डोक्याचं तेल गेलं, अंगाचा साबण गेला. बाबा बिडी ओढायला शेताच्या बांधावर जाऊ लागले, आणि काही दिवसांनी बांधावरही जाईनासे झाले. शेजारच्या काकींच्या चुलीवर मासळी भाजल्याचा वास कितीतरी दिवसांत आला नाही, हे फार उशिरा माझ्या ध्यानात आलं. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही.

पण दारातला मोह कुठे नेणार?

फुलं पडू लागली. ऊन चढलं की वास पेटून उठायचा आणि आई भिंतीकडे तोंड करून, नाकाला पदर लावून पडून राहायची. बाबा झाडाखाली नुसते उभे राहायचे. मोह कुणी तोडत नाही. आणि तोडू म्हटलं असतं तर पहिली तीच उठून आडवी आली असती.

पाड्यातल्या बाया आल्या त्या न बोलावता. एरवीच्या वेळेच्याही आधी, काळोखात, बॅटऱ्या घेऊन. झाडाखालचं फूल न् फूल त्यांनी वेचलं आणि ऊन लागायच्या आत टोपल्या पार लांब, ओढ्यापलीकडे नेऊन वाळत घातल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. मोहाचा बहर संपेपर्यंत येत राहिल्या.

झरीचं नाव पुस्तकांत आहे ते २३ मे १९४५ मुळे. त्या दिवशी हजारो वारली इथे परिषदेला जमले, किसान सभेचे गोदावरी आणि शामराव परुळेकर होते, आणि वेठ करणार नाही असं माणसांनी पहिल्यांदा एकमुखाने ठरवलं. त्या परिषदेवर पुष्कळ लिहिलं गेलं आणि ते योग्यच आहे. मला मात्र आता तिची आठवण त्या काळोखातल्या बॅटऱ्यांवरून होते. जमीनदाराच्या दारी फुकट राबायचं नाही म्हणून ज्यांच्या घरची माणसं उभी राहिली, त्या घरांतल्या बाया आमच्या दारी आपखुशीने राबून जात होत्या, आणि याला राबणं म्हटलेलं त्यांना मुळीच आवडलं नसतं.

आई तेव्हा जागी असायची. गोधडीतून हळूच विचारायची, "आज कोण कोण आलंय?" मी उत्तर द्यायच्या आतच पाचोळ्यातल्या चाहुलीवरून एकेकीचं नाव घ्यायची. नावं घेता घेता तिला झोप लागायची. केवढी झोप ती!

औषधं संपली. केस आले, आधीपेक्षा मऊ आणि कुरळे. चव आली, ती मात्र सावकाश, आणि काही वास परतलेच नाहीत. पावसाळ्याच्या तोंडी बायांनी तिच्या वाट्याचा वाळलेला मोह आणून दिला. तिने तो सुपात घेतला, बोटांनी चाचपला, आणि अजून एक ऊन द्यायला हवं होतं म्हणाली. कितीतरी महिन्यांनी ती कुणाला काही शिकवत होती.

आता पाड्यातली दुसरी एकजण परळला जाते. पहिल्या खेपेला आई तिच्याबरोबर गेली. आदल्या संध्याकाळी तिच्या मुलाला अंगणात बसवून ती सांगत होती, "खिडकीशी बसव तिला. डब्यात गरम काही घेऊ नको. आणि तुझा तो वासाचा साबण घरीच ठेव, बाबा."